पहार हवी तर पहार घ्या

चाकू कापण्यासाठी असतो. एवढी उघड गोष्ट छापील पानावर लिहावी लागावी याचं वाईट वाटतं, पण घडीच्या चाकूंचा आजचा बाजार पाहिला की ती ठळक टायपात लिहावीशी वाटते. टायटॅनियमच्या मुठीचा, महागड्या पावडर-पोलादाच्या पात्याचा, १५-२० हजारांचा एक ‘दणकट’ चाकू घ्या आणि त्याने गाजर कापून बघा. पातं अर्ध्यावर जातं, ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाजर दुभंगतं. ते कापलेलं नसतं, फोडलेलं असतं. त्याच गाजराच्या चकत्या मंडईबाहेर पथारीवर मिळणारी पातळ पात्याची सुरी बिनबोभाट पाडते. तिला कुणी डिझायनर नाही, तिच्या पात्यावर पोलादाचं नाव कोरलेलं नाही आणि तिची जाहिरात करायला कुणी दाढीवाला अमेरिकन जंगलात जाऊन बसलेला नाही.

हे बोललं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. आमच्या ट्रेकच्या कंपूत सॉफ्टवेअरमधला एक तरुण आहे. पगार चांगला, हौस दांडगी. त्याचा नवा चाकू मी हातात घेऊन उलटसुलट पाहिला तेव्हा तो म्हणाला, “काका, हा गाजरं-बिजरं कापायला नाहीये. हार्ड यूजसाठी आहे.”

“हार्ड यूज म्हणजे काय रे?”

“म्हणजे काहीही. समजा गाडीचा ॲक्सिडेंट झाला, दार जॅम झालं, तर उचकटता येईल.”

“दार उचकटायला अग्निशमन दलवाले हायड्रॉलिक यंत्र आणतात. तू साडेतीन इंचाचं पातं घेऊन जाणार?”

तो हसला. मुलगा गुणी आहे, पण त्याच्या त्या रणगाड्याचा प्रत्यक्ष उद्योग मला ठाऊक आहे: कुरिअरची खोकी उघडणे, सुतळी तोडणे आणि गडावर पोचल्यावर काकडी चिरणे. त्यातली काकडी चिरायला तो माझाच चाकू मागतो.

दोष त्याचा नाही. नव्वदच्या दशकापासून अमेरिकेतून ‘टॅक्टिकल’ नावाचं एक विशेषण जगभर पसरलं. पात्याला काळा लेप द्या, पाठ चार-पाच मिलिमीटर ठेवा, मुठीला खवले पाडा, नावात एखादा शिकारी प्राणी किंवा सैन्यातला हुद्दा घाला. झाला चाकू टॅक्टिकल. घेणारा माणूस वातानुकूलित खोलीत बसून ईमेल लिहितो आणि त्याच्या खिशात युद्धाची तयारी असते. हौसेला मोल नसतं, हे मान्य. पण त्या हौसेपायी चाकू बनवणाऱ्यांनी चाकूचा धर्मच सोडला, आणि वर त्याला ‘टिकाऊपणा’ असं सोज्वळ नाव दिलं.

टिकाऊपणा मला कुणी शिकवू नये. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. पंच आणि डाय घडवायच्या, हार्डनिंग-टेंपरिंग करून आणायच्या, रॉकवेल मशीनवर कडकपणाची आरसी बघायची आणि प्रेसवर पहिल्या शंभर नगांत काठ उडाला की सुपरवायझरच्या शिव्या खायच्या. पोलाद फार कडक ठेवलं तर टवका उडतो, मऊ ठेवलं तर काठ बसतो, हा पेच आम्ही रोज सोडवत होतो. धार आणि टिकाऊपणा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात हे खरंच आहे. ती ओढाताण कुठे सोडवायची, याचं चाकूवाल्यांचं उत्तर मात्र चुकीचं आहे, आणि बऱ्याच वेळा ते त्यांना माहीत असूनही चुकीचं आहे.

जाड पाठीचं समर्थन गणिताने केलं जातं, म्हणून गणितच बघू. पातं दुप्पट जाड केलं की त्याचा ताठपणा आठपट होतो आणि ते वाकवून मोडायला चौपट जोर लागतो. हे आकडे खरे आहेत, आणि लबाडी पचते ती खऱ्या आकड्यांच्या आडोशानेच. कारण घडीचा चाकू ही मुळात मधोमध मोडून पुन्हा एका पिनेवर, म्हणजे पिव्होटवर, जोडलेली वस्तू आहे. समजा ८० मिलिमीटरच्या पात्याचं टोक फटीत खुपसून तुम्ही त्याला आडवा २० किलोचा जोर दिला. कोणताही धडधाकट माणूस तो देऊ शकतो. पातं दोन्ही बाजूंनी ज्या वॉशरांत धरलेलं असतं त्यांचा व्यास साधारण १० मिलिमीटर. ८० ला १० ने भागा. तुमच्या २० किलोचे पिव्होटपाशी १६० किलो झाले, आणि ते पेलणार कोण, तर फॉस्फर ब्राँझचा कागदासारखा पातळ वॉशर. हल्लीच्या फॅशनप्रमाणे बॉल-बेअरिंग असेल तर दीड-एक मिलिमीटरच्या गोळ्या. त्या टायटॅनियमवर थेट टेकलेल्या असतील तर टायटॅनियममध्ये खळगे पाडून बसतील, आणि मग पातं आयुष्यभर डुगडुगेल. पात्याची पाठ चार मिलिमीटर असो की चौदा, जोड आधी जाणार. पात्याला जास्तीचं पोलाद देऊन तुम्ही फक्त वजन वाढवलंत आणि गाजर फोडलंत.

लॉकचंही तेच. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने ऐंशीच्या दशकात आजचा लायनर-लॉक रूढ केला. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी वाकून पात्यामागे येऊन उभी राहते. साधी, देखणी युक्ती. पुढे ख्रिस रीव्ह यांनी मुठीची अख्खी बाजूच त्या पट्टीच्या कामाला लावली. अँड्र्यू डेम्को यांच्या ट्राय-ॲड लॉकमध्ये पात्याचा दणका एक जाड आडवी पिन झेलते, त्यामुळे लॉकच्या दांडीवर तो येतच नाही. ही खरी हुशारी आहे, टोपी काढावी अशी. पण तो लॉक विकणाऱ्या कोल्ड स्टील कंपनीच्या जाहिरातफिती बघा: चाकूला वजनं टांगा, गाडीच्या पत्र्यात भोसका. लॉकचं काम एकच, कापताना पातं बोटांवर मिटू नये. त्याला तेवढी ताकद पुरते. पण एकदा वजन टांगून दाखवलं की गिऱ्हाईक किलो मोजायला लागतं, आणि पुढचा कारखानदार आणखी किलो देतो. कापतो किती, हे विचारायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही.

या सगळ्याचं मूळ मला एका बोधचिन्हात दिसतं. बक या अमेरिकी कंपनीचं बोधचिन्ह बघा: खाली बोल्ट, त्यावर चाकू, आणि वरून पडणारा हातोडा. आमचं पातं लोखंडी बोल्ट तोडतं, ही त्यांची जुनी बढाई. लोहारकीतून वर आलेलं घराणं ते. पोलाद चांगलं कमावलंय हे दाखवायला बोल्ट तोडून दाखवणं मी समजू शकतो. पण १९६४ साली याच कंपनीने बाजारात आणलेला ११० नंबरचा घडीचा चाकू शिकाऱ्यांसाठी होता, हरणाचं कातडं सोलायला. कातडं सोलणाऱ्याला हातोडा कशाला हवा? तो चाकू अमाप खपला, घडीच्या चाकूला ‘पक्का लॉक’ असावा हा आग्रह त्यानेच रुजवला आणि त्याच्या नकला जगभर निघाल्या. नकला करणाऱ्यांनी बोल्ट आणि हातोडाही मनोमन उचलला.

गंमत पुढे आहे. काही दशकांनी याच कंपनीने यंत्रावर चाचण्या घेऊन पात्यांचा काठ पातळ केला, धारेचा कोन लहान केला आणि ‘एज टू एक्स’ असं नाव देऊन ती सुधारणा म्हणून विकली. पोलाद मात्र साधं ४२० एचसी, पोलादाच्या पंडितांनी नाक मुरडावं असं. ज्यांच्या चिन्हात हातोडा, त्यांनाच शेवटी कबूल करावं लागलं की कापायचं असेल तर काठ पातळ हवा. या कबुलीबद्दल मी त्यांना मानतो. बाकीच्यांनी ती अजून दिलेली नाही.

काठामागची जाडी हा या सगळ्या भानगडीचा गाभा आहे, आणि नेमकी तीच कुठल्या खोक्यावर छापलेली नसते. पात्याची लांबी छापतात, पाठीची जाडी छापतात, पोलादाचं नाव तर सोनेरी अक्षरांत. पण धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथे, म्हणजे काठाच्या अगदी मागे, पातं किती जाड आहे? मायक्रोमीटर लावून बघा. नीट कापणाऱ्या चाकूत ते माप ०.२ ते ०.३ मिलिमीटर भरतं. मी मोजलेल्या महागड्या ‘हार्ड यूज’ चाकूंत ते ०.६ ते ०.८ भरलं. एकात तर टोकाकडे एक मिलिमीटर. एक मिलिमीटर! कंपनीचं नाव सांगत नाही, पण तो आंबा सोलायला घेतला तेव्हा सालीबरोबर निम्मा गरही गेला, आणि हापूसच्या मोसमात एवढा गुन्हा पुरेसा आहे.

पाठ जाड असली तरी उतार वरपासून काठापर्यंत सपाट नेला तर थोडं तरी निभावतं. चार मिलिमीटर पाठ, २५ मिलिमीटर रुंद पातं: पाचरीचा कोन साधारण नऊ अंश. पण या बहाद्दरांना तेही नको. ते उतार पात्याच्या अर्ध्यावरूनच सुरू करतात, म्हणजे ताकद दिसायला हवी. मग तेच चार मिलिमीटर १२ मिलिमीटरमध्ये उतरवायचे; कोन झाला एकोणीस अंश. कापताना वस्तू दोन्ही बाजूंना सारायची असते. नऊ अंशांनी सारणं आणि एकोणीस अंशांनी सारणं यातला फरक मनगटाला कळतो, धार कितीही तीक्ष्ण असली तरी.

इथेच समीक्षकांची जमात फसवते. चाकू आला, खोकं उघडलं, वर्तमानपत्राचा कागद कापला, हातावरचे केस भादरले, पाच तारे. अहो, कागद आणि केस फक्त काठाचं टोक तपासतात, शेवटचे काही मायक्रॉन. एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीलाही टोक आणलं तर ती केस भादरेल. चाकूची परीक्षा तो दोन इंच आत गेल्यावर सुरू होते: सफरचंद, जाड पुठ्ठा, दोरखंड, बटाटा. पण बटाट्याच्या व्हिडिओला कोण बघणार?

पात्याचा काठ जाड का ठेवतात याची कारणं मला कारखान्याच्या बाजूनेही ठाऊक आहेत, आणि ती सगळी खोटी नाहीत. पातळ काठ हार्डनिंगच्या आधी घासला तर भट्टीत वाकतो. नंतर घासला तर चाक, कूलंट आणि कामगाराचा हात तिन्ही चांगले लागतात. शेवटच्या काही दशांश मिलिमीटरना सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि घाई केली की काठ तापतो, निळा डाग येतो, टेंपर गेला. म्हणजे जाड काठ स्वस्त पडतो. त्यातून ‘आजन्म हमी’ नावाचं लोढणं. शंभरात एक गिऱ्हाईक चाकूने पेंटचा डबा उचकटणार, काठ उडवणार आणि तो परत पाठवणार. त्या एकाची बोलणी नकोत म्हणून उरलेल्या नव्याण्णवांना पाचर विकायची. हिशेब म्हणून ठीक आहे. फक्त त्याला ‘सैनिकी ताकद’ म्हणू नका. ‘आम्हाला परत पाठवू नका’ एवढंच म्हणा.

बरं, जाड काठाने कापता येत नाही हे झाकायला मग पोलादाचं गाजर दाखवतात. दर वर्षाला नवं नाव. एस३०व्ही, एस९०व्ही, एम३९०, आणि २०२१ पासून मॅग्नाकट. पोलादं खोटी नाहीत. मॅग्नाकट तर लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने फार विचारपूर्वक घडवलं आहे. न गंजणं, चिवटपणा आणि झीज सोसणं यांचा इतका चांगला मेळ पूर्वी क्वचितच जमला होता. पण याच थॉमस यांचं लिखाण वाचा. शेफिल्डच्या काट्रा संस्थेचं एक यंत्र असतं: वाळूची पूड मिसळलेल्या कार्डाच्या गड्ड्यावर पातं ठरावीक भाराने मागेपुढे फिरवायचं आणि एकूण किती कार्ड कापलं ते मोजायचं. या चाचण्यांमधून थॉमस यांनी काढलेला निष्कर्ष असा, की धार किती टिकेल यावर पोलादापेक्षा धारेच्या कोनाचा परिणाम मोठा असतो. ज्या माणसाने स्वतः पोलाद शोधलं तो हे सांगतोय! आणि त्याचं पोलाद घेणारे त्याला बाजूला २२ अंशांची बोजड धार लावून, काठ ०.७ मिलिमीटर ठेवून विकतात. वरून किंमत तिप्पट.

टूलरूमवाल्याला तर आणखी एका गोष्टीचं हसू येतं. स्वस्तातल्या चिनी घडीच्या चाकूंवर हल्ली अभिमानाने ‘डी२’ कोरलेलं असतं. हे डी२ म्हणजे आमचं एचसीएचसीआर. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पत्रा कापणाऱ्या डायसाठी फार उत्तम माल. डायचा काठ नव्वद अंशांचा असतो. त्याला झीज सोसायची असते. पण या पोलादातले क्रोमियम कार्बाइडचे खडे सहज १०-२० मायक्रॉनचे, आणि चांगल्या धारेचं टोक एका मायक्रॉनच्याही आत. पातळ काठावर त्या खड्यांना धरून ठेवायला भोवती पोलादच उरत नाही. खडा निघाला की काठावर खाच. म्हणून डी२ घेतलं की काठ जाड ठेवावा लागतो, आणि काठ जाड ठेवला की ते झीज सोसणं तुमच्या काय कामाचं? धार टिकते खरी, पण न कापणारी धार टिकते. त्यापेक्षा दाढीच्या पात्यांसाठी घडवलेलं एईबी-एल सारखं बारीक कणाचं साधं पोलाद कितीतरी बरं. ते पातळ करा, साठच्या आसपास आरसी ठेवा, ते निमूट उभं राहतं. त्याच्या नावावर कुणी १५ हजार देणार नाही, एवढाच त्याचा दोष.

आणि धार लावायची वेळ आली की? त्या महागड्या पावडर-पोलादांतले व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कडक असतात. घरच्या दगडावर तासभर घासा, दगड झिजेल. हिऱ्याची पट्टी आणावी लागते. ती बहुतेक जण आणत नाहीत. मग चाकू जातो रस्त्यावरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर, आणि ठिणग्यांबरोबर टेंपरही उडून जातो. शिवाय धार लावता लावता पातं वर सरकतं. २५ मिलिमीटरमध्ये चार मिलिमीटर जाड होणाऱ्या पात्यात दर मिलिमीटर झिजेमागे काठ सुमारे ०.१६ मिलिमीटरने जाडावतो. अर्ध्यावरून उतार घेतलेल्या पात्यात जवळजवळ दुप्पट. आज जेमतेम कापणारा चाकू काही वर्षांनी लोणीही फोडायला लागेल. टिकाऊपणाच्या नावाने घेतलेली वस्तू वापरून वापरून निकामी होते, आणि पातळ पात्याचा ‘नाजूक’ चाकू पातं निम्मं झिजलं तरी कापत राहतो. यातला टिकाऊ कोणता?

हे कोडं जुन्या लोकांनी केव्हाच सोडवलं होतं. स्विस सैन्याला १८९०च्या नमुन्याचा शिपायाचा चाकू हवा होता. शिपायाला जेवण कापायचं होतं, टिनचे डबे उघडायचे होते आणि नवी रायफल खोलायची होती. आजचा डिझायनर असता तर त्याने पाच मिलिमीटरचं पातं दिलं असतं आणि म्हटलं असतं, घ्या, यानेच सगळं उचकटा. त्यांनी काय केलं? पात्याशेजारी डबा-उघडणी दिली, स्क्रू-ड्रायव्हर दिला, टोचा दिला. १८९१ पासून ते चाकू सैन्याला मिळू लागले. पात्याने पात्याचं काम करावं, पेचाचं काम पेचकसाने करावं, म्हणजे पातं पातळ ठेवता येतं. पुढे हे चाकू पुरवणारा, कार्ल एल्सेनर यांनी इबाख गावात उभा केलेला कारखाना आज व्हिक्टोरिनॉक्स म्हणून जगाला माहीत आहे. त्यांचं पोलाद जेमतेम ५६ आरसीचं, नेहमीच्या लाल चाकूला लॉकसुद्धा नाही, फक्त पाठीमागची स्प्रिंग. पण पातं पातळ आहे, सफरचंदातून सरळ जातं, आणि कपाच्या बुडावर घासलं तरी धार येते. पोलादाचे पंडित त्याला खेळणं म्हणतात. ते खेळणं गाजर कापतं.

तीच गोष्ट ओपिनेलची. फ्रान्समधल्या साव्हुआच्या डोंगराळ मुलखात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी हा चाकू काढला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारं लॉकचं कडं आलं. एवढंच. आठ नंबरच्या पात्याची पाठ दोन मिलिमीटरही भरत नाही. एवढ्या किमतीत इतकं चांगलं कापणारं घडीचं पातं मला दुसरं माहीत नाही, आणि हे मी अनेक दिमाखदार चाकू वापरून सांगतोय. त्याने फांदी फोडू नका, दार उचकटू नका. भाकरी, चीज, सॉसेज, कलम. जे शेतकरी रोज कापतो ते तो कापतो.

आता माझ्याच बाजूच्या लोकांचे कान धरतो, कारण पातळपणाचेही भक्त झाले आहेत. ओपिनेल ही देवाची मूर्ती नव्हे. पावसाळ्यात तो कोकणात घेऊन जा. मुठीचं लाकूड फुगतं, पातं खाचेत अडकून बसतं आणि ऐन वेळी उघडत नाही. मुठीचं बूड दगडावर आपटावं लागतं. कार्बन पोलादाचं पातं असेल तर कैरीने काळं पडतं आणि समुद्राच्या वाऱ्यात रात्रीत तांबूस होतं. मूठ जवसाच्या तेलात मुरवा, पातं पुसून ठेवा किंवा सरळ न गंजणाऱ्या पात्याचा घ्या. टिकाऊपणाचे खरे प्रश्न हे आहेत: गंज, फुगणं, पिव्होटमध्ये जाणारी वाळू आणि आंब्याचा चीक, हरवणारे स्क्रू. यांच्यावर पाठीच्या जाडीचा शून्य परिणाम होतो. ख्रिस रीव्ह यांचा सेबेन्झा महाग आहे, मला तो परवडत नाही आणि त्याच्या काठाबद्दलही मी भांडेन. पण मालकाने तो स्वतः खोलावा, पुसावा, तेल घालून पुन्हा जोडावा आणि पातं पुन्हा तसंच जागेवर यावं, या हिशेबाने तो बनवला आहे. टिकाऊपणा तो. उलट हमीच्या कागदावर ‘चाकू खोलल्यास हमी रद्द’ असं लिहिणाऱ्या कंपन्याही आहेत. म्हणजे हमी हवी तर आंब्याचा चीक आत कुजवा.

या भक्तांची दुसरी जात काठ ०.१ मिलिमीटर आणि बाजूला दहा अंश अशी तलम धार करून घेते आणि मग त्याच धारेने पिना मारलेली खोकी फाडते. काठ दुमडतो किंवा करवतीसारखा होतो; मग पोलादाला शिव्या. पातळपणालाही मर्यादा आहे. ती पोलादाच्या कणाने ठरते, कडकपणाने ठरते आणि सगळ्यात जास्त तुम्ही काय कापता यावर ठरते. माझं स्वतःचं माप सांगतो, पटलं तर घ्या. पाठ अडीच मिलिमीटरच्या आत, फार तर तीन. उतार पाठीपासून काठापर्यंत सपाट. काठामागे ०.३. धार बाजूला १५ ते १७ अंश, आणि तिच्या टोकावर वीस अंशांची एक अगदी बारीक कड. ती कड डोळ्याला दिसत नाही, पण पिनेचा फटका सोसते. टोक थोडं भरीव चालेल, कारण टोकच आधी मोडतं. बाकी घासून काढा. एवढा चाकू वर्षानुवर्षं टिकतो. फक्त त्याला पहार समजू नका. कुणाला खरोखर लाकूड फोडायचं असेल तर कोयता आहे, उचकटायचं असेल तर पहार आहे, आणि डोंगरात खरंच दणकट पातं हवं असेल तर बिनघडीचा, पातं मुठीत आरपार गेलेला चाकू आहे. त्यात पिव्होटच नाही, तेव्हा मोडायचा प्रश्नही कमी. या तिन्हींची बेरीज साडेतीन इंचाच्या मिटत्या पात्यात मागणाऱ्याला तिन्हीही मिळत नाहीत.

कारखानदार बदलतील असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक जोवर किलो आणि पोलादाचं नाव विचारतं तोवर ते किलो आणि नाव विकतील. तेव्हा पुढच्या वेळी चाकू घ्याल तेव्हा दुकानदाराला पाठीची जाडी विचारू नका, पोलाद विचारू नका, लॉक किती वजन पेलतो तेही विचारू नका. काठामागे पातं किती जाड आहे एवढंच विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर खिशातून मायक्रोमीटर काढा आणि स्वतः मोजा. ०.४ च्या वर भरलं तर चाकू काउंटरवर परत ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.